मारझोडीच्या घरात वाढलेल्या माणसाच्या संसारात नेमकं काय उतरतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय एकोणतीस. लहानपणी वडील आईवर हात उचलायचे, अभ्यासावरून मुलालाही पट्ट्याचा मार बसायचा. आई चिडली की आठ-आठ दिवस अबोला धरायची. आता लग्न ठरलंय. होणाऱ्या बायकोशी फोनवर बोलताना हॉलच्या खर्चावरून आवाज इतका चढला की स्वतःचीच भीती वाटली. मीही बाबांसारखाच होणार का, आणि होऊ नये म्हणून नक्की काय करायचं?

पहिल्या अर्ध्याचं उत्तर बहुतेकांना वाटतं त्यापेक्षा बरंच सौम्य आहे. संशोधक सँड्रा स्टिथ आणि सहकाऱ्यांनी २००० साली तोवर झालेले अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला. हिंसेच्या घरात वाढणं आणि पुढे स्वतःच्या संसारात हिंसा असणं, यांतला सहसंबंध (शून्य म्हणजे काहीच नातं नाही, एक म्हणजे पूर्ण नातं) ०.१८ च्या आसपास निघाला. या आकड्याचा वर्ग केला तर कळतं की माणसामाणसांतल्या फरकाचा जेमतेम तीन टक्के भाग त्यातून उलगडतो. मार खाल्लेली बहुतेक मुलं मोठेपणी जोडीदाराला मारत नाहीत. ‘बापासारखाच निघणार’ हे नातेवाइकांचं भविष्य या आकड्यापुढे टिकत नाही.

पण धोका नाहीच असंही नाही. आपल्याकडच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हे वारंवार दिसलंय. ज्यांच्या वडिलांनी आईला मारलं होतं, त्या विवाहित स्त्रियांमध्ये नवऱ्याचा मार सोसणाऱ्यांचं प्रमाण इतर स्त्रियांपेक्षा कितीतरी जास्त असतं. २००५-०६ च्या फेरीत ते साधारण दुप्पट होतं. २०१९-२१ च्या फेरीत देशभरातल्या १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या २९.३ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. म्हणजे मुळातच मोठा असलेला धोका काही घरांतून आलेल्यांसाठी आणखी मोठा होतो. इथे एक गोष्ट नजरेतून सुटते. आपण मुलगा बापासारखा होईल का एवढंच विचारतो. अशा घरातली मुलगी आईसारखी सोसत राहील का, हा प्रश्न निदान तेवढाच महत्त्वाचा आहे.

न्यूयॉर्क राज्यात ५४३ मुलांचा वीस वर्षं पाठपुरावा करून मिरियम एहरेनसाफ्ट आणि सहकाऱ्यांनी २००३ साली निष्कर्ष मांडले. असे अभ्यास मोलाचे, कारण त्यांत मोठ्या माणसाला ‘लहानपणी काय झालं होतं आठवा’ असं विचारलेलं नसतं, मुलं वाढत असतानाच नोंदी घेतलेल्या असतात. पुढे जोडीदारावर हात उचलण्याचा सगळ्यात मोठा धोका कोणाला? किशोरवयात ज्यांना वर्तन विकार होता त्यांना, म्हणजे सततच्या मारामाऱ्या, चोऱ्या, नियम मोडणं असं ज्यांचं चाललं होतं ती मुलं आणि मुलीही. त्याखालोखाल आईवडिलांमधली हिंसा पाहिलेली आणि धाकदपटशाच्या शिक्षा झालेली मुलं. आणि स्वतः मार खाणारा जोडीदार होण्याचा सर्वांत मोठा स्वतंत्र धोका होता आईवडिलांमधली हिंसा पाहण्याचा. यातून तुमच्यापुरता निघणारा पहिला प्रश्न असा: चौदा-पंधराव्या वर्षी तुम्ही घराबाहेर कसे होतात? शाळेत, गल्लीत, मैदानावर हाणामाऱ्या करत होतात का? नसाल, तर तुमचं पारडं बरंच हलकं आहे. असाल, तर पुढची कामं जास्त गांभीर्याने घ्या, आणि एकट्याने करू नका.

दुसरा अभ्यास मला जास्त उपयोगी वाटतो. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात १९८० च्या दशकात शेती बुडाली, कर्जं थकली. त्या काळात, १९८९ साली, रँड काँगर आणि ग्लेन एल्डर यांच्या चमूने ४५१ ग्रामीण कुटुंबांचा अभ्यास सुरू केला. मुलं सातवीत होती. संशोधक घरी जायचे, कुटुंबाला एखाद्या वादाच्या विषयावर बोलायला सांगायचे आणि ते बोलणं चित्रित करायचे. मुलं विशीत आल्यावर त्यांच्या प्रेमसंबंधांतलं बोलणंही तसंच टिपलं. २००० साली काँगर आणि सहकाऱ्यांनी छापलेल्या विश्लेषणात दिसलं की आईवडील मुलाशी जसं वागले, म्हणजे माया, लक्ष, शिस्त लावतानाही न चिडणं, त्यावरून त्या मुलाचं पुढे जोडीदाराशी वागणं ओळखता येत होतं: ऊब किती, वैर किती. आणि त्या वागण्यावरून ते नातं किती सुखाचं हे ठरत होतं. मधली कडी ही वागण्याच्या सवयीची आहे. रक्त, स्वभाव, नशीब यांतलं काही असतं तर हातात काहीच उरलं नसतं. सवय मोजता येते, बदलताही येते.

आता ही सवय नेमकी कसली, हे नीट समजून घेणं सगळ्यात महत्त्वाचं. लोक ‘मारण्याची सवय’ म्हणतात. खरं तर उतरते ती भांडण संपवण्याची रीत. हात उचलणं हा त्या रितीतला शेवटचा टप्पा.

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातले मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी घरातल्या आक्रमकतेची जी साखळी १९८२ साली मांडली, ती आपल्या घरात अशी दिसते. आई विचारते, ‘या महिन्याचे पैसे कुठे गेले?’ बाबा टाळतात. ती पुन्हा विचारते, आवाज थोडा चढतो. बाबा ताट भिरकावतात. आई गप्प होते. झालं, भांडण संपलं. इथे दोघांनाही काहीतरी मिळालं. ताट फेकल्याबरोबर नकोसा प्रश्न थांबला, म्हणजे ताट फेकणं कामाला आलं. आणि आई गप्प झाल्याबरोबर आरडाओरडा थांबला, म्हणजे गप्प होणंही कामाला आलं. पुढच्या वेळी बाबा ताटापर्यंत लवकर पोचतील आणि आई गप्प लवकर होईल. हे महिन्यातून चार वेळा, दहा वर्षं चाललं की कोणी काही ठरवायची गरजच उरत नाही.

दाराआडून पाहणारं मूल यातली एकच बाजू शिकत नाही, ते दोन्ही बाजू शिकतं. म्हणून तोच मुलगा मोठा झाल्यावर साहेबापुढे आईसारखा गप्प होतो आणि बायकोपुढे बाबांसारखा गरजतो. कुठली बाजू वर येईल हे समोरचा दुबळा वाटतो की भारी, यावर ठरतं. मुलींच्या बाबतीतही हेच. नवऱ्यापुढे मिटून जाणारी बाई मुलाच्या पाठीत धपाटे घालते, तेव्हा ती शिकलेली दुसरी बाजू वापरत असते. आईच्या माराला आपण ‘वळण लावणं’ म्हणतो म्हणून तो हिशेबातून सुटतो. मुलाच्या अंगाला तो फरक कळत नाही. अबोलाही तसाच. आठ दिवस न बोलणं, ताट आपटून वाढणं, ‘तुझ्या बापाला सांग, जेवायला ये’ असा निरोप पोराकरवी धाडणं, ही सगळी त्याच साखळीची बिनआवाजी रूपं.

साखळीच्या जोडीला दोन गोष्टी उतरतात. एक शरीरात बसते. असं मूल बाबांच्या गाडीच्या आवाजावरून, दाराची कडी कशी वाजली यावरून आजची रात्र कशी जाणार हे ओळखायला शिकतं. त्या वयात ते शहाणपणच असतं. मोठेपणी मात्र जोडीदार नुसता दमलेला असला, कपाळाला आठी पडली, की छातीत धडधड सुरू होते आणि शरीर भांडणाच्या तयारीला लागतं. समोरच्याने अजून तोंड उघडलेलं नसतं.

दुसरी गोष्ट अर्थ लावण्याची. केनेथ डॉज, जॉन बेट्स आणि ग्रेगरी पेटिट यांनी १९९० साली सुमारे तीनशे बालवाडीच्या वयाच्या मुलांवरचा अभ्यास छापला. घरी जबर मार खाल्लेली मुलं पुढे जास्त आक्रमक होती, आणि त्याचं एक कारण म्हणजे दुसऱ्याच्या साध्या कृतीतही त्यांना वैर दिसायचं. कोणाचा धक्का लागला की ‘मुद्दाम मारला’. तुमच्या नात्यात हा धक्का म्हणजे निळ्या टिका दिसूनही न आलेलं उत्तर, किंवा लांबलचक मेसेजवर आलेलं नुसतं ‘ओके’. तुमचा आवाज चढला ती वेळ आठवा. ती नेमकं काय म्हणाली, आणि तुम्हाला त्यात काय ऐकू आलं? ‘हॉल महाग आहे’ या वाक्यात ‘तुझी ऐपत नाही’ हे कुठेच नव्हतं, ते तुमच्याकडून आलं असण्याची शक्यता दाट आहे.

आता कामाचं. लग्नाला वेळ आहे, हे चांगलं आहे. बदल भांडणाच्या ऐन वेळी होत नाही, त्याची तयारी शांत दिवशी करावी लागते.

वही घ्या आणि लहानपणची तीन भांडणं लिहून काढा. सगळ्यात भयंकर तीच निवडू नका, नेहमीची निवडा. प्रत्येकात विषय काय होता, पहिलं वाक्य कोणाचं, आवाज कुठे चढला, तुम्ही त्या वेळी कुठे होतात, कशाने संपलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं. शेवटचे दोन रकाने सर्वांत मोलाचे. बहुतेक घरांत दुसऱ्या दिवशी काहीच होत नसे. चहा झाला, डबे भरले गेले, कोणी अवाक्षर काढलं नाही. किंवा संध्याकाळी बाबा मिठाईचा पुडा घेऊन आले आणि विषय तिथेच बुजवला गेला. अशा घरातल्या मुलाने भांडण मिटताना कधी पाहिलेलंच नसतं, फक्त थांबताना पाहिलेलं असतं. मग त्याच्याच नात्यातलं एखादं भांडण लगेच मिटलं नाही की त्याला सगळं संपल्यासारखं वाटतं आणि तो आवाज चढवतो, किंवा उठून निघून जातो.

यानंतर स्वतःची अलीकडची तीन भांडणं त्याच रकान्यांत लिहा. कुठे जुळतं ते दिसेल. एका वेळी एकच कडी बदलायला घ्या. शक्यतो सुरुवातीची. ताट हातात घेतल्यावर थांबणं फार अवघड असतं, तिसऱ्यांदा तेच वाक्य म्हणताना थांबणं सोपं असतं.

थांबण्याची रीत आधी ठरवून ठेवावी लागते. कागदावर हे सोपं दिसतं आणि प्रत्यक्षात सगळ्यात जास्त बिघडतं, म्हणून तपशिलात सांगतो. वादाच्या वेळी नाडी मिनिटाला शंभरच्या वर गेली की समोरच्याचं ऐकून घेण्याची क्षमता झपाट्याने घटते, हे मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या जोडप्यांवरच्या कामातून पुढे आलं. मनगटावर बोटं ठेवून १५ सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा. १५ सेकंदांत पंचवीस भरले की थांबायची वेळ झाली. रक्तदाबाची किंवा हृदयाची काही औषधं नाडी मंद ठेवतात, ती चालू असतील तर या आकड्यावर विसंबू नका. मग जबडा आवळणं, कान तापणं, तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणणं या खुणा धरा.

एक शब्द दोघांनी मिळून ठरवा. ‘ब्रेक’ चालेल. ‘गप्प बस’, ‘पुरे कर’ चालणार नाही, ते दुसऱ्याला दिलेले हुकूम आहेत. तो शब्द म्हटला की वेळही सांगायची: ‘ब्रेक. साडेनऊला बोलू.’ वीस मिनिटांपेक्षा कमी वेळ घेऊ नका, शरीर शांत व्हायला निदान तेवढा वेळ लागतो. एका दिवसाच्या पुढे ढकलू नका. ज्याने ब्रेक मागितला, त्यानेच वेळेवर येऊन विषय पुन्हा काढायचा. हा शेवटचा नियम मोडला की सगळंच कोसळतं. कारण मग ब्रेक म्हणजे आईचा अबोला होतो, फक्त इंग्रजी नावाचा. ज्या जोडीदाराला आपल्याला कोणी सोडून जाईल अशी भीती लहानपणीच बसलेली असते, तो अशा ब्रेकनंतर मागे मागे येतो, दारात उभा राहतो, ‘आत्ताच्या आत्ता बोल’ म्हणतो. दार अडवणं, हात धरून थांबवणं ही मारामारीच्या अगदी अलीकडची पायरी आहे. दोघांनीही ती कायमची बाद करायची.

त्या वीस मिनिटांत काय करायचं? चाला. वन-बीएचकेत वेगळी खोली नसते, त्यामुळे जिना उतरून सोसायटीभोवती चार फेऱ्या मारणं सगळ्यात बरं. गाडी काढायची नाही. पेग घ्यायचा नाही. भांडणाचे मेसेज टाइप करायचे नाहीत. मनात पुढचे डायलॉग रचत चाललात तर नाडी खाली येणारच नाही, म्हणून बाहेरच्या गोष्टींवर लक्ष ठेवा, हवं तर रस्त्यावरच्या गाड्यांचे नंबर वाचत चाला. आणि एकत्र कुटुंबात सगळ्यात महत्त्वाचं: त्या वेळात आईच्या खोलीत जायचं नाही. तिथे गेलात की पाच मिनिटांत भांडण तिघांचं होतं, आणि लहानपणी तुम्ही जसे निरोपे होतात तशी आता आई होते. ताईला फोन लावणं हाही तोच प्रकार.

दारूबद्दल वेगळं एक वाक्य. दारू हिंसेचं एकमेव कारण नसते, पण घेतल्यावर झालेल्या भांडणात इजा जास्त होते, म्हणून दोघांपैकी एकानेही घेतली असेल त्या रात्री पैसे, सासर-माहेर आणि जुनी प्रकरणं हे विषय बंद.

आता मिटवण्याची रीत, जी घरात शिकायला मिळाली नाही. भांडणानंतर एक-दोन दिवसांत पंधरा मिनिटं काढा. त्यात मूळ विषय काढायचा नाही. आधी फक्त वागण्याबद्दल बोलायचं, आणि ठरलेल्या क्रमाने. मी काय केलं, हे क्रियापदात: ‘मी तुझं बोलणं तोडलं, ओरडलो, फोन आपटला.’ मग त्याचा तुझ्यावर काय परिणाम झाला असेल, आणि तो बरोबर ओळखला का हे विचारायचं. मग पुढच्या वेळी मी कुठल्या टप्प्यावर काय करीन. ‘सॉरी, पण तू पण...’ यातल्या ‘पण’ने माफी रद्द होते. ‘झालं गेलं विसरून जा’ हे माफी मागणाऱ्याने म्हणायचं वाक्य नाहीच. मिठाईचा पुडा आणायला हरकत नाही, पण हे बोलणं झाल्यावर.

अर्थ लावण्याच्या सवयीवर उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. राग आला की समोरच्याच्या कृतीची निदान तीन कारणं शोधायची आणि त्यांतलं एक तरी तुमच्याशी अजिबात संबंध नसलेलं हवं. लोकल बंद पडली असेल, बॅटरी संपली असेल, आईचा फोन चालू असेल. मग एकच प्रश्न विचारायचा: ‘तू असं म्हणालीस तेव्हा तुला नेमकं काय म्हणायचं होतं?’ आणि उत्तर आल्यावर ते मान्य करायचं. उत्तर मिळूनही उलटतपासणी चालू ठेवणं ही इथली नेहमीची चूक.

होणाऱ्या बायकोला सांगायचं का? हो. कांदेपोह्याच्या कार्यक्रमात नव्हे, पण लग्नाच्या आधी. तीन-चार वाक्यं पुरतात: घरात काय होतं, त्याचा माझ्यावर काय परिणाम दिसतो, मी त्यावर काय करतोय. फोनवरचा प्रसंग त्यात आलाच पाहिजे, कारण तो तिने ऐकलाय. रंगवून सांगू नका. दुःखाची लांब कहाणी ऐकली की समोरच्याला सांभाळून घेण्याची जबाबदारी वाटू लागते, आणि पुढे तुम्ही ओरडलात की ती स्वतःला समजावते, ‘त्याचं लहानपणच तसं गेलं.’ तुमच्या लहानपणाचा उपयोग ढालीसारखा होता कामा नये, तुमच्याकडूनही आणि तिच्याकडूनही. ऐकून तिला विचार करायला वेळ हवा असेल तर द्या. घाई केलीत, रुसलात, तर तीच साखळी पुन्हा सुरू झाली असं समजा.

हेच तिच्या बाजूने पाहू. अशा घरातून आलेल्या मुलाशी लग्न करू नये का, हा प्रश्न मुलींकडून नेहमी येतो. घरापेक्षा त्या माणसाकडे पाहा. ‘हॉटेलात वेटरशी कसा वागतो ते बघ’ हा सल्ला फार वापरून झालाय आणि फारसा कामाचा नाही. चारचौघांत सगळेच नीट वागतात. पाहायचं ते हे की तुम्ही ‘नाही’ म्हटल्यावर काय होतं. भेटायला येणार नाही, हा रंग नको, पासवर्ड देणार नाही, लग्नानंतर नोकरी सोडणार नाही. नाराजी चालेल, वादही चालेल. शिक्षा होत असेल, म्हणजे दोन दिवस फोन न उचलणं, टोमणे, तुमच्या आईवडिलांकडे तक्रार, ‘मग माझ्यावर प्रेमच नाही’, तर तिथे थांबून विचार करावा.

इथे एक मोठा फरक सांगितलाच पाहिजे, नाहीतर वरचे सगळे उपाय घातक ठरू शकतात. समाजशास्त्रज्ञ मायकल जॉन्सन यांनी १९९५ साली जोडप्यांमधल्या हिंसेचे वेगवेगळे प्रकार असतात हे मांडलं. एका प्रकारात वाद चिघळून हात उचलला जातो. दुसऱ्यात हिंसा हे एका माणसाने दुसऱ्याला कायमचं काबूत ठेवण्याचं साधन असतं. दुसऱ्या प्रकारात मार कमी वेळाही पडत असेल, पण पगार कोणाच्या खात्यात जातो, माहेरी कधी जायचं, फोन कोण तपासतो, कपडे कोणते घालायचे, हे सगळं एकच माणूस ठरवतो आणि दुसऱ्याचं वागणं भीतीवर चालतं. ओळखायची कसोटी साधी: वाद सुरू होण्याआधीच, काही बोलायच्या आधीच भीती वाटते का? वाटत असेल तर ब्रेक, पंधरा मिनिटांचं बोलणं, जोडीने समुपदेशन यांतलं काहीही करू नये. जोडीच्या सत्रात बाई खरं बोलली तर घरी गेल्यावर त्याची किंमत मोजते. खोटं बोलली तर सत्राला अर्थ उरत नाही. म्हणून जाणकार समुपदेशक आधी दोघांना वेगवेगळं भेटतो आणि सुरक्षिततेबद्दल विचारतो. जो हे विचारत नाही, त्याच्याकडे जोडीने बसू नका.

अशा स्थितीत वाट कायद्याची आणि आधाराची. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ हा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात मारहाणीबरोबर शाब्दिक, भावनिक, लैंगिक आणि आर्थिक छळही येतो, आणि लग्न न करता लग्नासारखं एकत्र राहणाऱ्या स्त्रियाही येतात. अर्ज संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट दंडाधिकाऱ्याकडे करता येतो. महिला हेल्पलाइन १८१, तातडीची मदत ११२, मुलांसाठी १०९८. महाराष्ट्रात पोलीस यंत्रणेच्या आवारातच महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष चालतात; याची सुरुवात टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबईत केली. तिथे गुन्हा नोंदवायचा की नाही हे ठरवण्याआधीही नुसतं बोलता येतं, हे पुष्कळ बायकांना माहीत नसतं.

पुन्हा तुमच्याकडे येतो. समजा सगळी काळजी घेऊनही एकदा हात उठला. ‘एकदाच झालं’ म्हणून बाजूला सारू नका. त्याच आठवड्यात स्वतःहून, एकट्याने, समुपदेशन सुरू करा. तिने काही दिवस माहेरी राहायचं म्हटलं तर अडवू नका, मागे मध्यस्थ पाठवू नका. वडीलधारे ‘संसारात भांड्याला भांडं लागतंच’ म्हणून दोघांना गोड बोलून परत आणतात. त्या समेटात वागणं बदलण्याची एकही अट नसते, आणि तुमच्या आईच्या बाबतीत बहुधा तेच झालं होतं.

प्रगती मोजताना ‘भांडणं बंद झाली का’ हे मोजू नका. आक्रमक घरातून आलेल्या जोडप्याची भांडणं अचानक शून्यावर आली तर बऱ्याचदा कोणीतरी एक गप्प राहायला लागलेलं असतं. मोजा ते हे: भांडण किती वेळ चाललं, पुन्हा नीट बोलायला किती तास लागले, एका भांडणात किती जुने विषय ओढून आणले. तीन महिन्यांत हे आकडे उतरत असतील तर गाडी रुळावर आहे. उतरत नसतील तर बाहेरची मदत घ्या. गणपती-दिवाळीला आईवडिलांकडे राहून आल्यावर दोन-चार दिवस आकडे पुन्हा चढतात. त्या घरातला वास, आवाज, वडिलांचं खाकरणंसुद्धा शरीराला जुन्या तयारीत नेतं. परतल्यावर दोन दिवस पैशांचे आणि सासर-माहेरचे विषय लांब ठेवा, आणि मुक्काम जमेल तेवढा आटोपता ठेवा.

दुसरा हमखास कठीण काळ पहिल्या मुलाचा. झोप नसते, पैशाची ओढाताण असते, आणि रडणारं बाळ हा ऐकणाऱ्याच्या शरीराला थेट इशारा असतो. बाळाला पाळण्यात सुरक्षित ठेवून दहा मिनिटं गॅलरीत जाणं हा त्या वेळचा ब्रेक. मूल मोठं झाल्यावर त्याच्यासमोर कधीच वाद होऊ नये हे अशक्य आहे. मार्क कमिंग्ज यांच्या मुलांवरच्या संशोधनात दिसलं की मोठ्यांचं भांडण मिटलेलं पाहिलं, की मुलांचा ताण पुष्कळ उतरतो. म्हणून भांडण मुलासमोर झालं असेल तर मिटलंय हेही त्याच्यासमोरच दिसू द्या: ‘आम्ही दोघं ओरडलो, ते चुकलं. आम्ही बोललो, आता ठीक आहे. तुझ्यामुळे झालं नव्हतं.’ शेवटचं वाक्य गाळू नका. लहान मुलं भांडणाचं कारण स्वतःलाच समजतात.

समुपदेशक निवडताना: क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, ती विचारायला संकोच करू नका. राग आवरण्याच्या कामासाठी दहा-बारा सत्रं धरून चाला. झोपेत दचकणं, जुने प्रसंग डोळ्यांसमोर येणं, हात थरथरणं असं होत असेल तर मानसिक आघातावर काम करणारा तज्ज्ञ शोधा, तिथे वेळ जास्त लागतो. पहिल्याच सत्रात ‘वडिलांना माफ करून टाका’ म्हणणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जायची गरज नाही. माफी द्यायची की नाही हा तुमचा खासगी निर्णय आहे, आणि बायकोशी नीट बोलायला शिकण्यासाठी तो आधी घ्यावाच लागतो असं नाही. फी परवडत नसेल किंवा गावात कोणी नसेल, तर सरकारची टेलिमानस ही फोनवरची मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलते.